रात्रीची शिदोरी

पहाटे पाचच्या सुमारास मोशीजवळ पुणे-नाशिक महामार्गाच्या कडेला रात्रभर विसावलेले मालट्रक हलू लागतात. चालक चावी फिरवतो, स्टार्टर घरघरतो आणि इंजिन सुरू होते. त्या दोन-तीन सेकंदांत बॅटरीतून काहीशे अ‍ॅम्पिअरचा प्रवाह धावतो. पण काम इतक्या लवकर आटोपते, की बॅटरीतल्या साठ्याचा एक टक्काही खर्च होत नाही. पुढे दिवसभर अल्टरनेटर तिला भरलेलीच ठेवतो. याच महामार्गाने उत्तरेला गेले, की चाकणची औद्योगिक वसाहत लागते. तिथल्या गोदामांत बॅटरीवर चालणारा फोर्कलिफ्ट अख्खी पाळीभर माल उचलतो, वाहतो, रचतो. पाळी संपता संपता त्याची बॅटरी बरीचशी रिकामी झालेली असते. मग तिला चार्जिंगला लावतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या दोन्ही बॅटऱ्या बहुधा शिसे आणि गंधकाम्लाच्याच असतात, पण त्यांचे स्वभाव एकदम उलटे. ट्रकची बॅटरी शंभर मीटरच्या शर्यतीतल्या धावपटूसारखी, तर फोर्कलिफ्टची आळंदीहून पंढरपूरला चालत निघालेल्या वारकऱ्यासारखी. ट्रकच्या बॅटरीतल्या प्लेटा पातळ असतात, कारण एका झटक्यात मोठा प्रवाह द्यायचा तर आम्लाला भिडणारा पृष्ठभाग जास्त हवा. फोर्कलिफ्टच्या बॅटरीत धन प्लेट नळ्यांची केलेली असते. मधोमध शिशाची काडी, तिच्याभोवती क्रियाशील द्रव्य आणि त्यावर पॉलिएस्टरची घट्ट विणलेली नळी. रोज रिकामे होताना आणि भरताना हे द्रव्य फुगते, आकसते. पातळ प्लेटेवरून ते हळूहळू गळून तळाशी साचते. नळीत मात्र ते जागच्या जागी धरलेले राहते. दुकानात जिला ‘ट्युब्युलर’ म्हणतात ती हीच. खोलवर रिकामी होऊन पुन्हा भरण्याचे चक्र शेकडो, हजारो वेळा सोसणाऱ्या अशा बॅटरीला ‘डीप सायकल’ म्हणतात.

ज्या घरापर्यंत महावितरणची तार पोहोचलेली नाही, त्या घराला हीच बॅटरी लागते. तरीही अनेक शेतघरांवर, गोठ्यांवर आणि डोंगरातल्या वस्त्यांवर ट्रक-ट्रॅक्टरची बॅटरी सौर पॅनेलला जोडलेली दिसते. हाताशी असते आणि स्वस्त पडते म्हणून ती लावली जाते, पण रोज निम्मी रिकामी होणे तिला झेपत नाही. काही महिन्यांत ती बसते आणि दोष मात्र सौरऊर्जेच्या माथी येतो.

पिंपरी-चिंचवडला बॅटरी नवखी नाही. आज एक्साइड इंडस्ट्रीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने आपला देशातला दुसरा कारखाना १९६९ साली चिंचवडला काढला. तेव्हा कंपनीचे नाव असोसिएटेड बॅटरी मेकर्स (ईस्टर्न) असे होते. एक्साइड हे नाव तिने १९९५ साली घेतले. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमन कडक झाले, तेव्हा या पट्ट्यातल्या घराघरांत इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी येऊन बसली. आजही मोशीतल्या बहुतेकांना बॅटरी माहीत आहे ती याच रूपात. ९ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे दाट धुके आणि दवामुळे महापारेषणच्या ४०० केव्ही वाहिन्या बंद पडल्या आणि पिंपरी-चिंचवड, चाकणसह पुण्याचा मोठा भाग अंधारात गेला. अशा दिवशी इन्व्हर्टरची बॅटरी कामाला येते. मात्र ती वर्षातले बहुतेक दिवस भरून नुसती उभी असते. तारेविना राहणाऱ्या घराच्या बॅटरीची परीक्षा दररोज सूर्य मावळला की सुरू होते. म्हणून इन्व्हर्टरच्या अनुभवावरून, ‘शेजाऱ्याकडे दीडशेची आहे, आपणही दीडशेची घेऊ’ असा हिशेब इथे चालत नाही.

हा हिशेब नीट मांडल्यावर काय होते, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यातच आहे. सह्याद्रीच्या कुशीतल्या दरेवाडी या छोट्या वस्तीवर २०१२ साली सुमारे ९.४ किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. समीर नायर, अंशुमन लाठ आणि प्रसाद कुलकर्णी यांनी २००८ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या ग्रामऊर्जा या कंपनीने तो उभारला आणि बॉश सोलर एनर्जीने त्याला अर्थसाहाय्य केले. वस्तीत घरे ३९. भागाकार केला तर प्रत्येक घराच्या वाट्याला पॅनेलची क्षमता जेमतेम २४० वॅट येते, म्हणजे आजच्या एका मोठ्या पॅनेलच्या निम्म्याहूनही कमी. तरी त्यातून दिवे लागले, दूरचित्रवाणी चालली. घरोघरी मीटर बसवले गेले आणि कारभार गावकऱ्यांच्या हाती राहिला. सर्वात महत्त्वाचे म्हणजे, विजेचे दर ठरवतानाच देखभालीचा आणि पुढे बॅटऱ्या बदलण्याचा खर्च त्यात धरला गेला. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, बॅटरी टिकत नाही. हे दरेवाडीत पहिल्या बिलापासून गृहीत धरलेले होते. खेड्यापाड्यांतले अनेक सौर प्रकल्प पहिली बॅटरी संपली की कायमचे बंद पडतात. दुसऱ्या बॅटरीची तरतूद कोणी केलेलीच नसते.

आता एका घराचा हिशेब करून पाहू. मोशी-भोसरीत नोकरी-धंद्यासाठी स्थिरावलेली अनेक कुटुंबे मूळची खेड, आंबेगाव, जुन्नर तालुक्यांतली. समजा, त्यांतल्या एका कुटुंबाने गावच्या शेतात, विजेच्या खांबापासून दूर, राहते घर बांधले. घरात ९ वॅटचे पाच दिवे पाच तास चालतात : २२५ वॅट-तास. ३० वॅटचे, कमी वीज खाणारे तीन बीएलडीसी पंखे दहा तास : ९००. लहान फ्रिज दिवसाला ७००. साठ वॅटचा टीव्ही चार तास : २४०. वायफायचा राउटर दिवसरात्र : २४०. मोबाइल ६०, मिक्सर दहा मिनिटे ८५ आणि पाणी चढवायची अर्ध्या अश्वशक्तीची मोटर अर्धा तास : २७५. बेरीज २,७२५ वॅट-तास. हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट. तेव्हा हे झाले पावणेतीन युनिट.

यात एक खर्च अजून धरलेला नाही. बॅटरीतली वीज एकदिश (डीसी) असते; घरातल्या उपकरणांना ती उलटसुलट (एसी) प्रवाहात बदलून देताना इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो आणि काहीही चालू नसले तरी थोडी खातच राहतो. ही घट आणि तारांमधली घट मिळून वीस टक्के धरली, तर बॅटरीला दिवसाकाठी सुमारे ३.३ युनिट द्यावे लागतील.

पुढचा प्रश्न ढगांचा. सूर्य दिसलाच नाही तर बॅटरीने किती दिवस घर चालवायचे? मोशी-चाकणच्या पठारावर दोन दिवसांची शिदोरी बहुतेक वेळा पुरते. भीमाशंकरच्या बाजूला, घाटमाथ्याच्या जवळ, जुलैत आठवडाभर ढग हटत नाहीत. तिथे तीन दिवस धरावेत किंवा छोट्या जनरेटरची सोय ठेवावी. आपल्या उदाहरणात दोन दिवस धरू. ३.३ दुणे ६.६ युनिट.

पण ६.६ युनिटची शिसे-आम्ल बॅटरी घेतली, तर घोटाळा होईल. ही बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होत जाते. भरताना हीच क्रिया उलटी होते. ती जितकी खोल रिकामी कराल, तितके तिच्या आयुष्यातले फेरे कमी होतात. चांगली ट्युब्युलर बॅटरी दर वेळी ८० टक्के रिकामी केली तर साधारण हजार-दीड हजार फेरे देते. ५० टक्क्यांवर थांबवली तर फेऱ्यांची संख्या बरीच वाढते. म्हणून अगदी वाईट दिवशीही ती निम्म्याखाली जाऊ नये, असा नियम धरतात. ६.६ युनिट ही जर निम्मी क्षमता असेल, तर पूर्ण क्षमता झाली १३.२ युनिट.

बाजारात १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-तासांची, म्हणजे बोलीभाषेत ‘दीडशे एएच’ची बॅटरी मिळते. बारा गुणिले दीडशे म्हणजे १,८०० वॅट-तास, १.८ युनिट. १३.२ ला १.८ ने भागले तर सव्वासाताहून थोडे जास्त येतात. चार बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की ४८ व्होल्टची एक रांग होते. अशा दोन रांगा, एकूण आठ बॅटऱ्या. क्षमता १४.४ युनिट. रोजच्या रात्री यातला पाव हिस्साही लागत नाही आणि दोन ढगाळ दिवसांनंतरही निम्मी शिल्लक राहते.

इथे एक गोष्ट थांबून पाहण्याजोगी आहे. या घरात बीएलडीसीऐवजी ७५ वॅटचे जुने पंखे असते तर? प्रत्येक पंख्यामागे ४५ वॅट जास्त, तीन पंखे, दहा तास, दिवसाला १.३५ युनिट वाढले. घट, दोन दिवस आणि निम्म्याची मर्यादा हे सगळे त्याला लावले, तर बॅटरीची क्षमता जवळपास साडेसहा युनिटने वाढवावी लागते. म्हणजे तीन जुन्या पंख्यांपायी जवळजवळ चार बॅटऱ्या जास्त. तारेवरच्या घरात जो फरक बिलात काही रुपयांचा दिसतो, तो इथे थेट भांडवली खर्च होऊन समोर उभा राहतो. म्हणून सौरघराचा पहिला पैसा बॅटरीवर घालण्याआधी पंखे, दिवे आणि फ्रिज बदलण्यावर घालावा. मोटर, मिक्सर, इस्त्री यांसारखी कामे दुपारच्या उन्हात उरकली, तर ती वीज बॅटरीत न जाता पॅनेलकडून थेट वापरली जाते आणि साठवण्यातली घटही वाचते.

बॅटरीच्या अंगावरचा आकडा वाचायलाही शिकावे लागते. ‘१५० एएच’ लिहिलेले असते, पण किती तासांच्या वापरावर मोजलेले, ते शेजारच्या बारीक अक्षरांत असते. सी-१० म्हणजे १५ अ‍ॅम्पिअरने दहा तास. सी-२० म्हणजे ७.५ अ‍ॅम्पिअरने वीस तास. वीज सावकाश काढली तर बॅटरी जास्त देते, घाईने काढली तर कमी. जर्मन शास्त्रज्ञ पॉइकर्ट यांनी १८९७ मध्ये हा नियम मांडला. त्यामुळे सी-२० वर दीडशे भरणारी बॅटरी सी-१० वर दीडशे भरत नाही. सौर कामासाठीच्या बॅटऱ्या साधारणपणे सी-१० वर मोजतात. दोन बॅटऱ्यांच्या किमतींत बराच फरक दिसला, तर आधी हे बारीक अक्षर पाहावे. सौर वापराच्या बॅटऱ्यांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६२७० हे स्वतंत्र मानक आहे. त्याचा उल्लेख आहे का, तेही पाहावे.

‘मोठी घेतली की झाले’ हा समज मात्र सगळ्यात महागात पडतो. बॅटरी मोठी आणि पॅनेल लहान असेल, तर ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवरच्या लेड सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होत जातात. मग ते चार्जिंगनेही विरघळत नाहीत. याला सल्फेशन म्हणतात. शिसे-आम्ल बॅटऱ्यांचा हा सर्वात मोठा शत्रू. वापर फारसा नसतानाही दोन वर्षांत बॅटरी ‘बसली’, की बऱ्याचदा कारण हेच निघते. चार्जिंगचा प्रवाह एएचच्या आकड्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढा हवा, हा धोपटमार्ग आहे. आपल्या उदाहरणात दोन रांगा मिळून ३०० एएच, म्हणजे सुमारे ३० अ‍ॅम्पिअर. ५४० वॅटची तीन पॅनेल, एकूण १,६२० वॅट, भर उन्हात २५ ते ३० अ‍ॅम्पिअर देतात.

हीच पॅनेल पावसाळ्यात पुरतात का, ते तपासावे. पुण्याच्या परिसरात एप्रिल-मेमध्ये पॅनेलला दिवसाला सहा तासांच्या आसपास पूर्ण उन्हाइतकी ऊर्जा मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये हा आकडा चारच्या आसपास किंवा त्याखाली येतो. साडेतीन तास धरले आणि सगळ्या घटी वजा केल्या, तर तीन पॅनेलमधून साडेतीन-चार युनिट हाती येतात. घराची गरज पावणेतीनची. उरलेल्या युनिटभरातून ढगाळ दिवसाची तूट हळूहळू भरून निघते. पॅनेलचा हिशेब मे महिन्याच्या उन्हावर मांडला, तर बॅटरी श्रावणात उपाशी राहते. बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला सर्वात जास्त वेळ लागतो; म्हणून दुपारी तीननंतर पॅनेलवर झाडाची किंवा पाण्याच्या टाकीची सावली पडणार नाही, याची काळजी जागा ठरवतानाच घ्यावी.

आता लिथियमबद्दल. लिथियमच्या अनेक जाती आहेत. घरासाठी योग्य ती लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत या द्रव्याचा शोध लागला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या शोधनिबंधावर गुडइनफ यांच्या आधी अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी या भारतीय संशोधकांची नावे आहेत. गुडइनफ यांना लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी २०१९ चे नोबेल विभागून मिळाले. एलएफपी तापली तरी लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा स्थिर राहते, ८० टक्के रिकामी केली तरी हजारो फेरे देते आणि अर्धवट भरलेली राहिल्याने तिचे काही बिघडत नाही. भरलेल्या विजेतली ९० टक्क्यांहून अधिक ती परत देते. शिसे-आम्ल बॅटरी ८० ते ८५ टक्क्यांच्या आसपास. आपल्या घराला ६.६ युनिटसाठी ८० टक्क्यांच्या हिशेबाने सव्वाआठ युनिटची एलएफपी लागेल. ५१.२ व्होल्ट, १०० एएचचे दोन संच, म्हणजे १०.२४ युनिट, हे काम आरामात करतात. आठ जड बॅटऱ्यांच्या जागी भिंतीलगतच्या दोन पेट्या. पाणी घालणे नाही, वास नाही.

मग ट्युब्युलर कोणी घ्यावी? जिथे सुरुवातीचे भांडवल कमी आहे, दुरुस्तीला तालुक्याच्या गावचा बॅटरीवालाच येणार आहे आणि महिन्यातून एकदा पाणी पाहायला घरात माणूस आहे, तिथे ट्युब्युलर आजही भरवशाची आहे. तिची एखादी पेटी बिघडली तरी कारण शोधता येते. एलएफपीमधले नियंत्रक सर्किट, म्हणजे बीएमएस, बंद पडले तर अख्खा संच थांबतो आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत अंधार. जिथे रोज खोल वापर आहे, जागा कमी आहे, घर बंद राहते किंवा पाणी पाहणारे कोणी नाही, तिथे एलएफपीचा जादा खर्च वसूल होतो. इन्व्हर्टर आणि पॅनेल-बॅटरीमधला चार्ज कंट्रोलर लिथियमशी जुळणारे आहेत ना, हे आधी विचारावे. जुनी ट्युब्युलर आणि नवी लिथियम एकाच रांगेत कधीही जोडू नये. जुन्या आणि नव्या शिसे-आम्ल बॅटऱ्यांचीही भेसळ नको. रांगेतली सर्वात कमकुवत बॅटरी बाकीच्यांना आपल्याबरोबर खाली ओढते.

व्होल्टेजचा निर्णय तारांवरून करावा. हजार वॅटचा भार १२ व्होल्टवर चालवला तर ८३ अ‍ॅम्पिअर वाहतात. ४८ व्होल्टवर फक्त २१. तारेतली उष्णतेची घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून तार तीच असेल, तर ४८ व्होल्टवर ही घट सोळा पटींनी कमी होते. दोन दिवे आणि एका पंख्याच्या झोपडीला १२ व्होल्ट पुरेत. फ्रिज आणि मोटर असलेल्या घराने ४८ व्होल्टच घ्यावेत. बॅटरीलगत एकदिश प्रवाहासाठीचा फ्यूज असायलाच हवा. घरातला नेहमीचा एमसीबी त्या ठिणगीला विझवू शकेलच असे नाही.

बॅटरीची जागा निवडताना उष्णता आणि हवा या दोन गोष्टी पाहाव्यात. शिसे-आम्ल बॅटरीचे तापमान २५ अंशांच्या वर दर दहा अंशांनी वाढले, की तिचे आयुष्य सुमारे निम्मे होते. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेली बॅटरी म्हणूनच लवकर मरते. तिला सावलीची, उत्तरेकडच्या भिंतीची, थंड जागा द्यावी. भरताना ती हायड्रोजन सोडते आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. त्यामुळे खोलीला वरच्या बाजूने झरोका हवा आणि बॅटरीजवळ देवाचा दिवा, उदबत्तीही नको. पातळी खाली गेली की फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, आरओचे पाणी किंवा वरून आम्ल कधीही घालू नये. हायड्रोमीटर थोडक्या पैशांत मिळतो. महिन्यातून एकदा त्याने प्रत्येक कप्प्यातल्या आम्लाची घनता मोजून वहीत लिहिली, तर बॅटरी आजारी पडतेय हे कित्येक महिने आधी कळते.

बॅटरी संपल्यावर ती कुठे जाते, हाही खरेदीचाच भाग आहे. एका ट्युब्युलर बॅटरीत कित्येक किलो शिसे असते. ती फोडून उघड्यावर वितळवली, तर शिशाचा धूर मातीत, पाण्यात आणि लहान मुलांच्या रक्तात जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये आलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी गोळा करून पुनर्चक्रणाला देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. ग्राहकाने जुनी बॅटरी दुकानदारालाच परत द्यावी आणि तिची वजावट नव्या बिलात लिहून घ्यावी. शहराचा कचरा मोशीच्या डेपोत येऊन पडतो, हे इथल्या रहिवाशांना कोणी वेगळे सांगायला नको. त्या ढिगात बॅटरी जाता कामा नये.

दर डिसेंबरात मोशीच्या प्रदर्शन केंद्राच्या मैदानावर किसान कृषी प्रदर्शन भरते आणि राज्यभरातून आलेले शेतकरी सौर पंप, दिवे आणि बॅटऱ्या जवळून पाहतात. तिथे किंवा गावच्या दुकानात जाण्याआधी एक काम घरीच करावे. आठवडाभर वहीत लिहावे, कोणते उपकरण किती वॅटचे आणि रोज किती तास चालले. ती वही विक्रेत्यापुढे ठेवून तीन गोष्टी लेखी मागाव्यात : सी-१० वरची क्षमता, निम्म्यापर्यंत रिकामी केल्यास मिळणारे फेरे, आणि हमीच्या काळात किती वर्षे बॅटरी पूर्ण बदलून मिळते. आणि बॅटरी बसवली त्याच महिन्यापासून, दरेवाडीच्या गावकऱ्यांप्रमाणे, पुढच्या बॅटरीसाठी थोडी रक्कम बाजूला टाकायला सुरुवात करावी.